अ-सि-ने-टो-बॅक्-टर

जंतूंच्या लॅबमध्ये दहा वर्षं काढली की जंतूंपेक्षा किस्सेच जास्त वाढतात. फक्त ते जेवताना सांगायची सोय नसते.

आमची लॅब राजाजीनगरच्या एका हॉस्पिटलच्या तळघरात. सीनियर शकूअक्का, तीन पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. रक्तात जंतू सापडला की आयसीयूला फोन करायचा, नाव तोडून सांगायचं आणि समोरच्याकडून तसंच परत म्हणवून घ्यायचं, हा त्यांचा नियम. पहिल्याच दिवशी मी एक नाव धाडकन बोलून टाकलं. अक्का कडाडल्या, "गाडी सुटतेय का तुझी? स्वल्प हळू! क्लेब्-सि-एल्-ला!" टेबलावर बोट आपटत त्यांनी दहा वेळा घोकून घेतलं.

*

एकदा डॉक्टरांनीच सिस्टरच्या हातातून फोन ओढला. "अक्का, नाव राहू दे, औषध कुठलं चालेल ते सांगा!"

"आधी नाव म्हणा, सर."

डॉक्टर चिडले, पण म्हणाले. अक्कांनी औषध सांगून फोन ठेवला. मी हसत होते. त्या म्हणाल्या, "घाईत एकदा चुकीचं गेलंय इथून. मीच सांगितलं होतं."

*

नागपूरची प्राची नवीन होती. 'स्टेनोट्रोफोमोनस माल्टोफिलिया' तिला आठवडाभर जमेना. एका सकाळी फोनवर तिने ते न अडखळता तोडून म्हटलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या! ज्याच्या रक्तात तो जंतू सापडला होता, त्याच पेशंटची मुलगी रिपोर्टच्या खिडकीशी उभी होती. तिने आशेने विचारलं, "गुड न्यूज है क्या, मॅडम?" प्राची त्या दिवशी जेवली नाही.

*

मग काका. सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. काकू आयसीयूत, रक्तात जंतू. राउंडला डॉक्टर थांबतच नाहीत, नुसतं "ट्रीटमेंट चालू आहे" म्हणतात, ही त्यांची तक्रार. "जंतूचं नाव नीट घेतलं तर थांबतील का हो?"

अक्कांनी कागदावर लिहून दिलं: अ-सि-ने-टो-बॅक्-टर बाउ-मा-नि-आय. काका दोन दिवस खिडकीशी उभे राहून घोकत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खरंच थांबले! "तुम्ही मेडिकल लाइनमधले का?" चांगली पाच मिनिटं बोलले. आता एकच औषध शिल्लक आहे, हे काकांना त्या पाच मिनिटांत कळलं.

*

ते औषध सुरू झालं. मंगळवारी काकूंचं रक्त पुन्हा तपासायला आलं. जंतू नाही असं म्हणायला आम्हाला पाच दिवस वाट बघावी लागते. बुधवारी काकू गेल्या.

रविवारी काका रिपोर्ट न्यायला खिडकीवर आले. मला वाटलं, हा रिपोर्ट आता त्यांच्या हाती पडू नये. अक्कांनी तो दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"यात नाव नाही कुठलं."

"नाही, काका. काहीच वाढलं नाही."

"म्हणजे बरी झाली होती ना ही?"

अक्का म्हणाल्या, "हो."