उकळत्या पाण्याची ओवी

भोरच्या मुलींच्या वसतिगृहात कृपाबाईंनी एकतीस वर्षं रांधलं, पण घड्याळाकडं बघून कधी भांडं उतरवलं नाही. आजारी पोरीसाठी पाणी उकळायला ठेवलं, की ओठातल्या ओठात आईची ओवी सुरू. आधण आल्यावर ती तीनदा म्हणून झाली की पाणी खाली. पोरी खिदळायच्या, "मावशी, तुमच्या घड्याळाला चावी कोण देतं?"

"माझी आय," कृपाबाई म्हणायच्या.

आई म्हणजे सगुणाबाई, मिशनची बायबल-बाई, वाडीवाडीत जाऊन बायबल वाचून दाखवणारी. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमान, आणि त्याच्याखाली कात्री, दोरा न् साबणाची वडी. वेल्ह्याकडच्या वाड्या ती पायी पालथ्या घालायची. पुस्तक उघडलं की बायांना जनावरांची आठवण यायची, पण कुणी अडली की बोलावणं हिलाच. आठ-आठ दिवस ती घरी फिरकायची नाही. धाकटी कृपा शेजारणीच्या चुलीपाशी निजायची. "आय लोकाची पोरं धरती, अन् आपली टाकती वाऱ्यावर," असं शेजारीण बोलून गेली होती. ते बोलणं बाभळीच्या काट्यासारखं आत मोडून राहिलं. आता बहात्तरी उलटली तरी निघालं नव्हतं.

यंदा भोरच्या चर्चच्या मंडळीला शंभर वर्षं भरली. पाळकसाहेबांची सून स्नेहल कॉलेजात शिकवायची. तिनं स्मरणिकेचं काम अंगावर घेतलं. मिशनच्या जुन्या अहवालांत गोऱ्या साहेबांची नावं होती, मडमांची होती, मास्तरांची होती. एका साहेबाच्या घोड्याचंसुद्धा होतं. बायकांबद्दल एवढंच, 'दोन बायबल-बाया'.

"घोड्याला नाव हाय, माझ्या आयला न्हाई?" कृपाबाई पंचांच्या बैठकीत उभ्या राहिल्या.

पंचांतले वडीलधारे शमुवेलनाना मान हलवत म्हणाले, "कृपाबाई, तुमचं खोटं न्हाई. पण ऐकीव छापलं, तर उद्या कुणीबी म्हणंल, आमचा आज्जा बायबलातल्या पौलाच्या गलबतावर व्हता. कागुद दावा, न्हाईतर साक्षी आणा. सोमवारी मजकूर छापखान्यात जाणार."

कागद वाळवीनं कधीच खाल्ले होते. उरले साक्षी.

शनिवारी कृपाबाई आणि स्नेहल दोघी निघाल्या. भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी, पुढं वडापच्या जीपमध्ये शेळीच्या शेजारी बसून आंबटमाळाची वाडी. आईच्या तोंडी हेच नाव फार असायचं.

पण वाडीत सगुणाबाई कुणालाच माहीत नव्हती. स्नेहल दारोदार वही घेऊन विचारत होती. पारावरचा गेनू तंबाखू मळत म्हणाला, "मतदारयादीत बघा की!"

"तिला मरून चाळीस वर्सं झाली, बाबा."

"मग तर नक्की घावंल!"

सगळे हसले. कृपाबाईंनाही हसू आलं. परतीची जीप चारला होती. साडेतीन वाजले. शेवटच्या घराच्या ओट्यावर त्या मटकन बसल्या आणि पाणी मागितलं.

तांब्या देऊन घरची सून शिवानी परत आत गेली; ती लेकराचं दूध पाजायचं बोंडलं उकळत ठेवत होती. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं चुलीत काटकी सारत ती गुणगुणायला लागली:

*चुलीवरी पाणी, उकळू द्या गं बाई,*
*येशू माझा वैद्य, त्याला न्हाई घाई.*

कृपाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाहेरून त्यांच्याच तोंडून पुढली ओळ निघाली:

*धुवा हात-बोटं, धुवा दोरा-पातं,*
*दोन जिवांचं गं, त्येच्या हाती नातं.*

कोपऱ्यातून शिवानीची आजेसासू ठकुबाई काठी टेकत उंबऱ्यात आली. "तुला गं कसं येतं ह्ये? ह्ये आमच्या वाडीचं पाण्याचं गाणं हाय. तीनदा म्हनल्याबिगर पाणी उतरायचं न्हाई."

"कुणी शिकवलं, आजी?" स्नेहलनं वही उघडली.

"पिशवीवाली बाई. तिचं नाव कुणी इचारलं न्हाई. हितं बायका अडल्यावर नाव इचारीत बसतील व्हय? माझं थोरलं पोर आडवं आल्यालं, तिनंच सोडवलं. लई देवमाणूस. अन् तिचा भाऊ भोरात डाक्टर व्हता."

"भाऊ?" कृपाबाई गोंधळल्या. "मामा न्हवता मला."

"आसं कसं? गाण्यात न्हाई का? येशू वैद्य!"

कृपाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "व्हय गं आजी. भाऊच म्हणायचा. अजून हाय त्यो भोरात."

"मग सुनंला दावायची हाय त्याला," ठकुबाई म्हणाली, आणि मग बारीक नजरेनं बघत राहिली. "तू तिची लेक? शेवट म्हन की मग."

"संपलं की."

"न्हाई संपलं. शिवाने, म्हन."

शिवानीनं मोबाईल खाली ठेवला.

*माझी बी गं लेक, घरी वाट बघं,*
*तुझ्या बाळापाई, तिला ठेवलं मागं.*

"ह्ये म्हनताना बाई चुलीकडं त्वांड करायची," ठकुबाई म्हणाली. "आमी म्हनायचो, धूर लागला."

घरी ही ओळ आईनं कधी म्हटली नव्हती. कुणाला म्हणणार? जिच्यासाठी होती ती समोरच बसलेली असायची. कृपाबाईंनी तांब्यातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. जीप केव्हाच गेली होती. कुणाला तिची आठवणही झाली नाही. स्नेहल लिहीत होती, शिवानी सांगत होती, वाडीतल्या चार म्हाताऱ्या येऊन 'मला पण तिनंच सोडवलं' म्हणून भांडत होत्या. गेनूच शेवटी आपल्या टेम्पोतून दोघींना वेल्ह्यात पोचवायला निघाला. म्हणाला, "च्यायला, म्या पण तिच्याच हातचा निघालो की!"

रविवारी उपासनेनंतर नानांनी वही डोळ्यांपाशी नेऊन वाचली. सात अंगठे, तीन सह्या. मग म्हणाले, "घोड्याच्या वर घ्या नाव. अन् ओवी सगळी छापा." चष्मा पुसत त्यांनी कृपाबाईंकडं पाहिलं. "एकडाव म्हणून तर दावा."

"बसून न्हाई यायची, नाना," कृपाबाई पदर खोचत उठल्या. "आदी चुलीवर पाणी ठिवा."