पांढऱ्या आईचं गुलाबी फूल

आमच्या धाकटीसारखी पोरगी अख्ख्या गल्लीत शोधून सापडणार नाही. भाऊ म्हणून नाही, खरं म्हणून सांगतो. हरभऱ्याच्या संशोधन शेतावर ती संकर करते. एका झाडाच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि तिथे दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे. आई म्हणते, "स्वतःचं जमवायचं सोडून फुलांची लग्नं लावत फिरते!"

पहिल्या खेपेला मात्र बाईसाहेबांची फजिती झाली. टपोरी कळी चिमट्यात छान बसते, म्हणून तिने टपोऱ्याच निवडल्या. हरभऱ्याची कळी भलतीच चालू! उमलायच्या आधीच आतल्या आत स्वतःच्याच परागकणांवर आपलं आपण उरकून मोकळी. त्या बियांची सगळी रोपं हुबेहूब आईवर, म्हणजे कळीच्या झाडावर गेली.

पुढच्या खेपेला तिने इवल्याशा हिरव्या कळ्या धरल्या, अगदी श्वास रोखून. आई पांढऱ्या फुलांची, घाट्यांनी लगडलेली, पण दाणा बारीक. बाप गुलाबी फुलांचा, दाणा टपोरा, पण घाटे मोजकेच. दोघांचं चांगलं एका झाडात आणायचं होतं. या कळ्यांच्या बिया पेरून गुलाबी फूल आलं तर बाप उतरला, संकर जमला; पांढरं आलं तर मेहनत पाण्यात.

शेतावरच्या साहेबांनी बजावलं होतं, "यंदाही पांढरंच आलं, तर हा वाफा मुगाच्या प्रयोगाला, मुगवाल्यांना देणार."

इकडे आम्हा दोघांच्या थोरल्या भावाने न्हाव्याच्या दुकानात नवं वाण जाहीरही करून टाकलं होतं.

"दादा, अजून फूलसुद्धा आलं नाही रे!"

"येईल की. बहीण कुणाची आहेस?"

फुलं आली. पहिलं पांढरं. दुसरं पांढरं. मग पांढऱ्यांची रांगच. धाकटी बांधावर मटकन बसली. तेवढ्यात मुगवाला टेप घेऊन हजर. मापं घ्यायला सुरुवातही केली गड्याने.

"ताई, जरा पाय उचला. टेप अडकलाय."

तिने पाय उचलला. टेप पायात नव्हता, मागे राहिलेल्या एका खुरट्या रोपात अडकला होता. त्या रोपाची पहिलीच कळी उमलत होती. गुलाबी.

"पाय राहू दे," धाकटी म्हणाली, "तू तुझा टेप उचल. हळू! फूल तुटलं तर तुला इथेच पेरीन."

साहेब आले, वाकून बघितलं. "एका झाडासाठी अख्खा वाफा अडवणार?"

"सर, याला शंभरेक दाणे लागतील. ते पेरले की झाडागणिक तऱ्हा वेगळी. कुणी आईवर, कुणी बापावर, कुणी भलतंच. त्यातलंच एखादं घाट्यांनी भरलेलं आणि टपोऱ्या दाण्याचं निघेल. जागा मात्र लागेल."

साहेबांनी मान हलवली. मुगवाल्याने तोंड वाकडं करत टेप गुंडाळला.

घरी आल्यावर तिने दादाला दम भरला, "नवं वाण नाही हां, एक फूल आलंय फक्त. बाहेर बोलायचं नाही."

दादाने मान डोलावली आणि चपला घातल्या. त्या आठवड्यात त्याने न्हाव्याकडे दुसऱ्यांदा केस कापून घेतले. कापायला डोक्यावर काही उरलं नव्हतं, तरी.