बाबांनी बदललेलं बटण

बाबांना झटका आला तेव्हा ते ऑफिसातून घरी येत होते. अंबरपेठला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसमधून उतरले, दुकानाच्या पायरीवर टेकले आणि तिथून त्यांना उठताच येईना. दवाखान्यात नेईपर्यंत उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली होती.

तरुणपणी टायपिस्टची नोकरी धरून ते नांदेडकडून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण होकार द्यायचा तर ‘हौ’ आणि नकार द्यायचा तर ‘नक्को’, एवढं या शहराने त्यांच्या जिभेवर कायमचं ठेवलं होतं. आता ते दोन शब्दही नव्हते. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टर म्हणायचे, “डोळे मिटा. जीभ दाखवा.” बाबा नुसते बघत राहायचे. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, “आवाज कानावर पडतो, पण अर्थ लागत नाही. फार अपेक्षा ठेवू नका.”

आम्ही ते मानलं, आणि मानल्यावर पुन्हा कधी तपासून बघितलं नाही. घरी आणलं तेव्हापासून त्यांच्या खोलीत आम्ही सगळं बोलत असू. त्यांना करमावं म्हणून आई दिवसभर टीव्ही लावून ठेवायची. शेजारच्या काकू भेटायला आल्या की पलंगाच्या कडेला बसून आई रडायची. एकदा ती काकूंना म्हणाली, “हे सुटले तर बरं होईल आता. त्यांचे हाल बघवत नाहीत, आणि माझ्यातही ताकद राहिली नाही.” मी दारातच उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आई खरंच थकली होती.

त्या काळात जवळच्या दिलसुखनगरला जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. मी अशाच एका क्लासमधून शिकून एका छोट्या कंपनीत लागले होते. काम स्प्रेडशीटचं, आकड्यांच्या तक्त्यांचं. शीटवर बटणं बसवायची, खूण करायचे चौकोन ठेवायचे, सरकपट्ट्या जोडायच्या, म्हणजे ज्याला कॉम्प्युटर येत नाही त्यालाही नुसतं दाबून आकडे भरता यावेत. सरावासाठी घरी एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. जागा नव्हती म्हणून तो बाबांच्याच खोलीत होता.

व्यायाम करून घ्यायला जे गृहस्थ येत, ते एकदा म्हणाले, “डाव्या हाताला काहीतरी काम द्या. चेंडू दाबून कंटाळलेत ते.” मला माऊस सुचला. मी बाबांसाठी एक शीट तयार केलं. आधी एक सरकपट्टी बसवली. ती ओढली की शेजारचा रंगीत खांब उंच व्हायचा. बाबांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. मग तीन मोठी बटणं ठेवली. त्या वेळी मराठी अक्षरांचा फार घोळ असायचा, म्हणून त्यांच्यावर इंग्रजी लिपीत लिहिलं: पाणी, चहा, पंखा. बटण दाबलं की तोच शब्द खालच्या चौकटीत ठळक उमटायचा आणि कॉम्प्युटर टुणकन वाजायचा. बाबांना त्यातून काही मागता येईल असं माझ्या मनातही नव्हतं. हात हलावा, एवढाच हेतू होता.

सकाळी त्यांना खुर्चीत बसवून मी त्यांचा डावा हात माऊसवर ठेवायची. पण डाव्या हाताचं पहिलं बोट माऊसच्या उजव्या कळीवर पडतं. त्यामुळे बटण दाबलं जायच्या ऐवजी निवडलं जायचं. त्याच्याभोवती ठिपक्यांची चौकट यायची आणि बटणावरचा शब्द बदलता येईल अशी यादी उघडायची. मी ती बंद करायची, बाबा पुन्हा तेच करायचे. शीटला कुलूप लावायला हवं, म्हणजे बटणं कुणाला बदलता येणार नाहीत, असं रोज ठरवायची आणि ऑफिसच्या गडबडीत राहून जायचं.

त्या दिवशी मी आंघोळ करून आले. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. पडद्याकडे पाहिलं तर ‘पाणी’ लिहिलेल्या बटणाभोवती ठिपके होते आणि त्यावर पाणी हा शब्द नव्हता. इंग्रजी लिपीत, शेवटचं अक्षर चुकून दोनदा पडलेलं, तिथे होतं: ‘कळते’.

मी हाक मारली, “आई, तू कॉम्प्युटरला हात लावलास का?”

“मी कशाला लावू? माझे हात पिठाचे आहेत.”

घरात तिसरं कुणी नव्हतं. बाबा पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात माऊसवर नव्हता. तो कीबोर्डवर होता, बोटं थोडी वाकवलेली, कचेरीतल्या टायपिंगच्या मशीनवर ठेवत असतील तशी.

ओला टॉवेल खांद्यावर तसाच होता. “बाबा,” मी म्हटलं, “हे तुम्ही केलंत? तुम्ही केलं असेल तर अजून काही लिहा.”

डाव्या हाताचं बोट उचललं गेलं. एक कळ, मग शोधाशोध, मग दुसरी. बटणावर उमटलं: ‘हौ’.

आई ताट घेऊन आली तेव्हा मी जमिनीवर बसले होते. तिला आधी वाटलं, बाबांना काही झालं. मी सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने सरळ बाबांनाच विचारलं, “आपल्या पोरीचं नाव ठेवलं तेव्हा पाऊस होता की ऊन?” मी दोन बटणांवर दोन शब्द लिहिले. बाबांनी त्यांतलं एक निवडलं आणि मी वाचून दाखवलं, “ऊन.”

उत्तर बरोबर होतं. आईने ताट खाली ठेवलं. “कधीपासून कळायलंय तुम्हाला?” तिने विचारलं. “सगळं ऐकत होता?”

बाबांनी मान हलवली. थोडीशीच, पण चुकणार नाही अशी.

ती बाहेर निघून गेली. भाकरी तव्यावर करपल्याचा वास येईपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणीच हललं नाही. आई कशामुळे गेली हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं, आणि ते त्यांना माहीत आहे याचा धक्का मला त्या ‘कळते’पेक्षा मोठा बसला. इतके महिने आम्ही एका जागत्या माणसाभोवती, तो नसल्यासारखे वावरलो होतो.

पुढचे काही दिवस आई त्यांच्या खोलीत माझ्या हाती जेवण पाठवायची. बाबांनी दुसरं बटण बदललं, ‘टीव्ही बंद’ असं लिहिलं. मी टीव्ही बंद केला. त्यांनी डोळे मिटले तेव्हा मला कळलं, महिनोन् महिने त्यांना तो आवाज किती छळत असेल.

एका दुपारी आई आपणहून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. “बोलले मी तसं,” ती म्हणाली. “थकले होते. तुम्ही ऐकलंत, आता मी काय करू?”

बाबांनी माऊसकडे हात नेला. “राहू द्या ते,” आई म्हणाली. “माझ्याकडं बघून सांगा.” बाबांनी हात मागे घेऊन तिच्या मनगटावर ठेवला. मी खोलीतून निघून आले. त्यानंतर ती त्यांच्याशी पहिल्यासारखी भांडू लागली, की औषध का थुंकलंत, सांडलंत कशाला. आजारपणात तिने हे बंद केलं होतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “होतं असं कधी कधी. हळूहळू समज परत येते.” आणि नेहमीची औषधं लिहून दिली. त्यांच्या त्या शांतपणाचं मला अजून नवल वाटतं.

महिन्याअखेरीस नांदेडहून काका आले. बाबांचे धाकटे भाऊ. नेहमीप्रमाणे पलंगापाशी बसून, चहा पीत, त्यांनी विषय काढला, “वहिनी, याला गावाकडं नेऊन ठेवू. इथं काय, तिथं काय, त्याला सारखंच.”

“त्यांनाच विचारा,” आई म्हणाली.

काका हसले. खुर्चीत बसलेल्या बाबांसमोरच्या कॉम्प्युटरमधून टुणकन आवाज आला. बाबांनी तिसऱ्या बटणावर लिहून ठेवलेला शब्द दाबला होता, तो मी वाचून दाखवला, “नक्को.”

काकांची कपबशी हातात तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे, मग आईकडे आणि शेवटी बाबांकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला, स्टूल ओढून बाबांच्या समोर घेतलं आणि आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

“कसं वाटायलंय, दादा?”

उत्तर टाइप व्हायला बराच वेळ लागला. आम्ही थांबलो.