गोजराबाईच्या जीपचा ब्रेक

आवळेवाडीत कोंबडा आरवायच्या आधी गोजराबाई ओरडायची. पहिल्यांदा त्या कोंबड्यावरच ओरडायची, मग सुनेवर, मग म्हशीवर, आणि शेवटी जीपवर. जीप नवऱ्याच्या वेळची, जुनी. नवरा गेला तेव्हा दहाव्याला जमलेल्या भाऊबंदांनी तिथंच ठरवून टाकलं होतं, की गाडी मोडीत घालायची, बाईमाणूस ती घेऊन काय करणार. तेरावं उरकल्यावर गोजराबाई पदर कमरेला खोचून जीपमध्ये बसली आणि खळ्यात गोल गोल फिरवत राहिली. गवताची गंजी पाडली, कुंपण पाडलं, चुलत सासऱ्याची न्हाणी पाडली. पावसाळा लागेतो तिला गाडी येत होती. पुढं रीतसर लायसन काढलं, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या साहेबालाच तिनं विचारलं, "तुमी आमच्या वाडीच्या उतारावनं कदी गाडी खाली आनलीया का?"

तेव्हापासून वाडीतल्या बाया तिच्या जीपमधून पिरंगुटला कामाला जातात. कुणी कारखान्यात पॅकिंगला, कुणी बाजारात भाजीचं फडकं अंथरायला. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा उतार असा, की पायी उतरणाऱ्याचेही गुडघे बोलतात. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली धरणाचं पाणी. त्या उतारावर गोजराबाई कुणाशी बोलत न्हाई. बायाही तेवढ्यापुरत्या गप असतात.

यंदा भात पिवळं पडायला लागलं तसं जीपच्या ब्रेक ऑइलची डबी खाली जायला लागली. भरली की दोन-चार दिवसांत अर्धी. खाली वाकून बघावं तर काही टिपका दिसेना. पिरंगुटच्या शंभू मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, वरच्यावर बघितलं आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं तेल पाइपात ढकलणारा पंप, बदलून टाकला. गाडीखाली तो शिरलाच न्हाई. मुळशीच्या पावसात पत्रा सडू नये म्हणून आमच्याकडं दर साली पावसाच्या तोंडावर गाडीला खालून इंजिनातनं काढलेलं जळकं तेल फासतात. गोजराबाई तर स्वतः पाठीवर पडून, ब्रश घेऊन, इंच न् इंच काळा करायची. नवरा करायचा तसंच. शंभूच्या अंगात त्या दिवशी नवा शर्ट होता.

"आता बगायला नको काकू," तो म्हणाला. "पक्कं काम झालंय."

आणि पुढच्याच आठवड्यात, भरली जीप उतारावर असताना, गोजराबाईनं ब्रेकवर पाय ठेवला तर पाय थेट पत्र्याला टेकला.

तिनं पुन्हा दाबला. पुन्हा पत्रा. मग तिनं गिअर खाली खेचला, हँडब्रेक ओढला आणि चाक डोंगराच्या अंगाला वळवलं. जीप दरडीला घासत, करकरत, करवंदीच्या जाळीत घुसून थांबली. मागं बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. कारखान्यात जाणाऱ्या सोनीच्या डब्यातली आमटी तिच्याच डोक्यावर सांडली. कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं न्हाई. पण दुसऱ्या अंगाला, रस्त्याच्या कडेपलीकडं, खाली लांबवर पाणी चमकत होतं आणि ते सगळ्यांनी बघितलं.

"आई गं," सोनी म्हणाली, "मेलो आसतो की आपुन."

"मेली न्हाईस ना? मग उतर खाली आन् दगड लाव चाकाला!" गोजराबाई ओरडली. पहिला दगड तिनं स्वतःच उचलला.

तिथूनच तिनं शंभूला फोन लावला. शंभूनं आधी तिच्या शिव्या ऐकून घेतल्या, मग आपली कातडी वाचवायला म्हणाला, "माजं काम पक्कं हाय काकू. कुनीतरी पायपाला हात लावला आसंल. तुमचं कुनासंगं वाकडं हाय का?"

वाकडं होतं, आणि ते साऱ्या वाडीला ठाऊक होतं.

धाकटा दीर गेणबा. त्याला माळाची सामाईक जमीन शहरातल्या कुणा साहेबाला बंगल्यासाठी द्यायची होती. सातबाऱ्यावर गोजराबाईचं नाव, तिच्या सहीशिवाय व्यवहार अडला होता. गेल्या दिवाळीपासून तो दारात येऊन येऊन थकला. तसा तो तिला भ्यायचा. पण परवाच जाता जाता बोलून गेला होता, "कायम तू थोडीच ऱ्हानार हायेस वैनी."

हे वाक्य आता गोजराबाईच्या डोक्यात असं शिरलं, की दुसरं काही शिरायला जागाच उरली न्हाई. बायांना पायीच वाडीला परत यायला सांगून ती त्यांच्या पुढं चढ चढली. घरी न जाता सरळ गेणबाच्या अंगणात. एरवी ती त्याला भावजी म्हणायची. आज नावानं हाक मारली.

"गेण्या! भाईर ये!"

गेणबा तोंडात मिश्रीचं बोट घेऊन बाहेर आला.

"काय झालं वैनी?"

"काय झालं इचारतोस? नऊ बाया घालवल्या आसत्यास तू! माज्या ब्रेकचा पायप कापलास!"

गेणबानं मिश्री थुंकली. "कुनी? म्या?"

"मग काय माज्या म्हशीनं?"

वाडी जमली. गेणबाची बायको रडायला लागली. गोजराबाईनं सांगून टाकलं, की ती आत्ताच्या आत्ता पौडच्या पोलीस ठाण्यात जाणार, गेणबाचं नाव घेणार, आणि मग बघू तो माळ कोण कुणाला विकतो. गेणबाचं तोंड पांढरं पडलं. पोलिसात नाव गेलं की पोराचं लग्न मोडणार, साहेब व्यवहारातून अंग काढणार, आणि वाडीत मरेपर्यंत भावजयीच्या जिवावर उठलेला म्हणून राहावं लागणार.

"म्या भैरोबाचा भंडारा उचलतो," तो म्हणाला. "आत्ता चल देवळात."

"भंडारा काय उचलतोस? ब्रेक दाब!"

"आँ?"

"चल जीपपाशी. तू बस वर, ब्रेक दाब. मी खाली शिरते. कापलेलं दाकवते साऱ्या गावाला. मग नेते पौडला."

गेणबाला दुसरा इलाज न्हवता. पोरांनी ढकलून जीप उताराच्या सपाट वळणावर आणली, चारी चाकांना दगड लावले. गोजराबाईनं सून सुलक्षणेला पिटाळून घरून पाण्याचे हंडे, धुण्याची पावडर, काथ्याचा ब्रश, विळा आणि चाळलेली सूपभर राख मागवली.

"राख कशाला आत्याबाई?" सुलक्षणा म्हणाली.

"तुज्या धाकल्या मामंजींच्या तोंडाला फासायला! आन म्हनलं की आनावं."

राखेचं काम वेगळंच होतं. गाडीचं पोट सगळं काळं. त्यात ओलं कुठलं आणि तेल कुठलं, कसं कळणार? आधी ते काळं काढायचं, धुऊन सुकवायचं आणि मग राख मारायची. कोरड्या पाइपावरून राख गळून पडते, ओल असेल तिथं चिकटते. भांड्याची चीर बायका अशीच तर शोधतात.

गोजराबाई पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकली. तेलाचे थर विळ्यानं खरवडायला लागली. सालोसाल साचलेलं, चिखलात मळून पापुद्रे झालेलं. खपल्या तिच्या गालावर, डोळ्यांत पडत होत्या. प्रत्येक खपलीला ती एक शिवी देत होती, आणि ती गेणबाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. वर सीटवर गेणबा देवळातल्या नंदीसारखा बसून होता.

"जिवंत हायेस ना गेण्या?"

"हाय."

"ऱ्हा. पौडला नेईस्तवर ऱ्हा."

बाया हसल्या. गेणबा हसला न्हाई.

धुऊन झालं, सुकलं, सुलक्षणेनं डबीत ब्रेक ऑइल भरलं. गोजराबाईनं मुठीनं राख वर उडवली. अर्धी तिच्याच नाकात गेली.

"दाब!"

गेणबानं दाबला.

"सोड! पुन्ना दाब!"

लोखंडी पाइप कोरडे. पुढच्या चाकांजवळचे रबरी पाइप कोरडे. ती सरकत सरकत मागं गेली. मागच्या आसाकडं जाणारा एक रबरी पाइप होता. त्याच्यावर राखेचा ओला, करडा लगदा चढत होता आणि त्यातून थेंब पडत होते. टप, टप.

"घावलं!" ती आतून ओरडली. बाहेर सगळे वाकले. पण आत तिच्याशिवाय कुणी न्हवतं.

तिनं बोटानं राख पुसली, विळ्याच्या टोकाची धार चाचपावी तसं पाइपावरून बोट फिरवलं. कापल्याची खूण कुठंच न्हवती. रबर फुगलं होतं. रक्त पिऊन टम्म झालेली जळू असते तसं मऊ, गुबगुबीत. पाइप धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीखाली, जिथं ते दाबलं जायचं, तिथं आपोआप उकललं होतं. पुढच्या चाकाचा पाइप पाऊस संपल्यावर नवा टाकला होता, त्याला अजून ब्रश लागला न्हवता. पुढं सरकून तिनं तो दाबून बघितला. वाळल्या दोरासारखा कडक.

म्हणजे जळक्या तेलानं खाल्लं होतं. पत्रा वाचवायला म्हणून ती ब्रश फिरवायची तेव्हा रबरही सोडत न्हवती. इंच न् इंच. दर साली, स्वतःच्या हातानं.

गोजराबाई सरकत पुन्हा मागच्या पाइपापाशी आली. विळा उजव्या हातात होता. एक चीर. पाइपावर एक बारीकशी चीर ओढली, की झालं. कोण बघत होतं? गेणबा ठाण्यात, माळ माळाच्या जागी, आणि सही मागायला दारात पुन्हा कुणी येणार न्हाई. तिनं विळा पाइपाला टेकवलाही.

मग तिला राग आला. एवढा वेळ आला होता त्याच्यापेक्षा मोठा. गेणबाला आवरायला मला खोटं बोलावं लागावं? ह्या गेण्याला? जो लहानपणी सरड्याला बघून पळायचा त्याला? आपण त्याच्या मानानं एवढ्या खाली कधी उतरलो? तिनं विळा खाली आपटला आणि सरकत बाहेर आली. काळी, राखेनं माखलेली, डोळे लाल. एक पोरगं घाबरून आईच्या मागं लपलं.

"कापलाय का?" सोनीनं विचारलं.

"न्हाई," गोजराबाई म्हणाली. हा शब्द तिनं असा फेकला, की पुढं उभी असलेली माणसं मागं सरली. "रबर फुगून फुटलंय. मीच तेल फासून फासून फुगवलंय. ह्यानं न्हाई कापला. ऐकलं का सगळ्यांनी? गेणबानं न्हाई कापला!"

गेणबा खाली उतरला. आता त्याला बळ आलं.

"साऱ्या वाडीत नाव घेतलंस माजं. माफी माग."

"पायपाची मागते. चुकलं माजं."

"आन् माळावरची सही?"

"माळाचा आन् पायपाचा काय संमंद? ती न्हाई भेटनार."

"तू आइक तर—"

"आन् कायम तू थोडीच ऱ्हानार, आसं पुन्ना म्हनलास तर खरंच कापीन. पायप न्हाई, तुजी जीभ!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गेणबाची बायको रडायची थांबली होती, तीही हसली, तेव्हा गेणबा तिच्यावर खेकसला.

पण उद्या सकाळी बायांना कामाला न्यायचं होतं, त्यासाठी आज नवा पाइप हवा होता, आणि वाडीत त्या घडीला चालती मोटारसायकल एकट्या गेणबाची होती. गोजराबाईनं फुटलेला पाइप काढून पिशवीत टाकला, तोंड धुतलं, ते न धुतल्यासारखंच राहिलं, आणि गेणबाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"भावजी, पिरंगुटला चला."

"आता भावजी व्हय?"

"चला म्हनलं ना. त्या शंभूला बगायचंय मला. कुनीतरी हात लावलाय म्हनला होता."

शंभूचं नाव निघालं तसा गेणबानं गाडीला किक मारली.

"त्याच्यामुळं मी आज जेलात गेलो आसतो," तो म्हणाला.

"मग हळू कशाला चालवताय? हाना की!"

उतारावर दोघंही काही बोलले न्हाईत. डांबरी रस्ता लागल्याबरोबर गेणबानं सहीचं काढलं, गोजराबाईनं मागून आवाज चढवला, आणि पिरंगुटच्या नाक्यावर पोचेपर्यंत दोघांचं भांडण आसपासच्या गाड्यांना ऐकू जात होतं.