डोमाजीची जीप आणि पोळ्याचं आवतन

तर डोमाजी जीपखाली शिरला आणि बाहेर दिसत राहिले ते नुसते त्याचे पाय, इथवर काल आलो होतो. आणि ते पायसुद्धा स्वस्थ नव्हते बरं का! माणूस आडवा, हातात पाना, कपाळावर ग्रीस, आणि पाय असे हलताहेत की जणू खाली पडल्या पडल्या गाडीच चालवतो आहे. एकदा क्लच, एकदा ब्रेक. त्याची पोरगी मनकर्णा, पंधरा-सोळाची, त्या पायांशेजारी उकिडवी बसून एकेक नट रॉकेलात धूत होती.

‘बाबा, पाय थांबवा ना वो. सारी धूळ नटावर उडून राह्यली.’

‘पाय थांबले तं डोकं चालत नाई माय माहं,’ डोमाजी खालून बोलला.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगून टाकतो. ही शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. तेव्हा आंध्रातला आदिलाबाद जिल्हा एकच मोठा, आणि आपलं मुधोळ-भैंसा त्याच्याच पोटात. डोमाजी मुधोळकडच्या एका खेड्यातला, पण उभी हयात गेली भैंशात, कापसाच्या एका जिनातली जीप चालवण्यात. मिसरूड फुटलं तेव्हा त्या स्टेअरिंगवर बसला आणि कानावरचे केस पांढरे झाले तेव्हा उतरला. उतरला म्हणजे काय, शेठनं नवी डिझेल गाडी आणली, नव्या गाडीसोबत नवा ड्रायव्हर आला. जुनी जीप शेडमागं गेली आणि जुना डोमाजी गावी आला.

आता गावी येऊन माणसानं जरा टेकावं की नाही? याला टेकताच येईना. भिंतीला पाठ लावून बसवलं तर गुडघा हलायचा. तुरीला खुरपायला नेलं तर अर्ध्या तासात धुऱ्याच्या बांधावर येऊन सडकेकडं बघायचा. जेवताना ताटाची कड दोन्ही हातांनी धरून डावीकडं-उजवीकडं वळवायचा. त्याची बायको लक्ष्मीबाई एकदा कावून म्हणाली, ‘अवो, ताट हाय ते! वळन नाई आलं अजून, जेवा सरळ!’

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण मनकर्णाच्या लक्षात आलं होतं. आपला बाप आतून खंगत चालला आहे. ड्रायव्हर होता तेव्हा तो कुणीतरी होता. आता तो चंपतरावच्या वावरातला एक जास्तीचा माणूस होता. चंपतराव हा त्याचा थोरला भाऊ. घर शेजारीच, बैलजोडी त्याची.

मग एक दिवस डोमाजी तडक भैंशाला गेला. शेठ मूळचा बाहेरचा, हिंदीत बोलणारा, माणूस तिरसट पण शब्दाचा पक्का. शेडमागच्या जीपमधून तोवर बाभळीचं रोप वर आलं होतं. डोमाजी म्हणाला, हे मला द्या. शेठ म्हणाला, ‘कबाड़ीवाले को बोल दिया है।’ डोमाजी हलेना. शेवटी शेठ म्हणाला, ‘अच्छा, ले जा। खुद चलाके इसी गेट पर ला, तेरे नाम कर दूँगा। बोल, कब लाएगा?’

आता विचार करून सांगावं ना? पण आपल्याकडं कुठलंही काम कधी होईल असं विचारलं की तोंडातून काय येतं? ‘पोळ्याले!’ डोमाजी एका दमात बोलून गेला.

‘ठीक। पोले की शाम तक। नहीं तो दूसरे दिन कबाड़ी उठाएगा।’

जीप आली ती चंपतरावच्या बैलांच्या मागं बांधून. चंपतराव म्हणाला, ‘डोमा, एवढं पेट्रोल वाचते तं बैलच राहू दे बाप्पा कायमचे.’ डोमाजीनं ऐकलंच नाही. तो चालत्या जीपमध्ये स्टेअरिंग धरून बसला होता आणि चेहरा असा, जसा नवरदेव.

त्या दिवसापासून बापलेक कामाला लागले. मनकर्णाला शाळेत तेलुगू होतं, त्यामुळं भैंशाच्या सामानवाल्याशी तीच बोलायची. तो हा नट नाही म्हणाला की ती त्याच्याच भाषेत त्याला कपाट उघडायला लावायची. कार्बोरेटर डब्यात उकळून त्याची छिद्रं तिनं साफ केली. लक्ष्मीबाईनं कापसावर झाकायच्या ताडपत्रीचा टप शिवून दिला, शिव्या देत देत, पण टाका मात्र दुहेरी. एक अडचण मात्र काही केल्या निघेना. बॅटरी जुनी, तिच्यात ठिणगीपुरता जीव होता, सेल्फ फिरवण्यापुरता नव्हता. आणि हँडल मारावं तर हँडल अडकायची खाच झिजलेली, सटकन निसटायचं. म्हणून जीप चालू करायची रीत एकच ठरली: पुढं बैल जुंपायचे, गल्लीतून ओढत न्यायचं, वेग आला की डोमाजीनं क्लच सोडायचा.

आणि चालू झाली की! पोळ्याच्या चार-सहा दिवस आधी बैलांनी ओढली आणि जीप खोकली, शिंकली, आणि धडधडायला लागली. मनकर्णा नाचली. आता दुसरा कुणी असता तर तसाच गेटपर्यंत गेला असता. पण डोमाजीच्या कानाला काहीतरी कुरकुर ऐकू आली.

‘काऊन बंद केली बाबा?’

‘आवाज हाय कुठंतरी. खोलून पायतो.’

खोललं. जोडलं. बैल लावले, चालू झाली. पुन्हा खोललं. चालत्या गाडीला हात लावल्याशिवाय त्याला चैनच पडेना. लक्ष्मीबाई म्हणाली, ‘मानसाच्या पोटातबी कुरकुर असते, मंग काय पोट खोलता का?’ करता करता पोळ्याच्या आदल्या दिवशीही तो कार्बोरेटर उघडून बसला, आणि शेवटचा स्क्रू आवळला तेव्हा ऊन उतरलं होतं.

‘झालं! मने, काकाले म्हन बैल आना. आता डायरेक्ट भैंसा!’

मनकर्णा समोर उभी. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

‘बाबा, आवतन देऊन झालं.’

तुम्हाला आपली रीत सांगायला नको. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकायचे, पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि त्यांच्या कानात म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ तेवढं म्हटलं की संपलं. मग पोळा सरेपर्यंत त्या खांद्यावर जू नाही, दोर नाही. गावातली पोरंसोरं हे जाणतात. आणि डोमाजी, ज्यानं स्वतःच्या तोंडानं पोळ्याचा वायदा केला, त्याच्या ध्यानात ही गोष्ट आलीच नव्हती! बैल ओढणार म्हणून धरून चालला, आणि दिवस नेमका असा निवडला की साऱ्या वर्षात त्या एकाच दिवशी बैल ओढत नाही.

डोमाजी जीपच्या पायरीवर मटकन बसला. खरंच बसला, गुडघासुद्धा न हलवता. लक्ष्मीबाई म्हणते, त्यालाच ती जास्त घाबरली.

सकाळी उठून बघतात तो डोमाजी दोर घेऊन चंपतरावच्या गोठ्यात. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. चंपतराव आडवा आला.

‘डोमा, भाऊ हायस म्हनून सांगतो. ठेव तो दोर.’

‘दादा, गल्लीपुरतं! कोन पायते?’

‘बैल पायते ना!’

मनकर्णा मागून धावत आली. बापाच्या हाताला हात लावला नाही तिनं, नुसती बैलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. ‘बाबा, म्या सोताच्या तोंडानं बोलावलं त्याईले जेवाले. आता कामाले लावता?’

बैलानं तेवढ्यात मान लांब करून डोमाजीचा हात चाटला. त्यानं दोर खाली टाकला आणि बाहेर आला. पण मग जो फिरायला लागला! अंगण ते गल्ली, गल्ली ते अंगण. एकटाच जीपला खांदा लावून ढकलून पाहिलं, तर ओल्या काळ्या मातीत चाकं आणखी रुतली. मदतीला माणूस बोलवावा तर सारं गाव आपापल्या बैलांना धुण्या-सजवण्यात. दुपार झाली. सूर्याकडं बघावं, जीपकडं बघावं, पुन्हा सूर्याकडं. लक्ष्मीबाईनं पुरणपोळीचं ताट आणलं ते तसंच झाकून ठेवलं.

मनकर्णा गेली थेट गावच्या तोरणाखाली. बैल रांगेनं उभे, डफडं वाजत होतं, तोरण तुटायची म्हणजे पोळा फुटायची वेळ. ती म्हणाली, ‘काका, तोरन तुटलं की बैल घरी धाडा अन् तुमी सारे आमच्या गल्लीत या. जीप वढाची हाय.’

धोंडीबा म्हणून एक धिप्पाड गडी होता. तो हसला. ‘पोरी, आमी काय बैल हाव का?’

‘बैल कुठं म्हनून राह्यली? बैल तं आज सायब हायत. त्यायच्या जागी बदली ड्युटी तुमाले लागली.’

सारी माणसं खो खो हसली, आणि हसणारा माणूस नाही म्हणत नाही. तोरण तुटलं, बैल पोरांच्या हाती घरोघरी गेले, आणि धोंडीबा, रामाजी, चंपतराव, आणखी कितीतरी, नवी धोतरं खोचून गल्लीत हजर. तेवढ्यात म्हातारी बयनाबाई आरतीचं ताट घेऊन निघाली होती बैल ओवाळायला. तिनं हे पाहिलं आणि वाकडी वाट करून आली. एकेकाच्या खांद्याला हळद फासत म्हणते कशी, ‘घ्या रे बाबा, आज आवतन घ्या अन् जेवाले बी आजच या. उद्यापावतो तुमी काही टिकत नाई!’

दोर खांद्यावर पडले. डोमाजी स्टेअरिंगवर. ‘वढा!’ माणसांनी जोर लावला, चाक सुटलं, जीप हलली, आणि इतक्यात डोमाजीनं क्लच सोडला. गचका बसून जीप उभी. माणसं एकमेकांवर पडली.

‘काऊन बे डोमा, जरा दम धर ना!’

पुन्हा ओढली. पुन्हा त्याचा पाय वेगाच्या आधी उठला. पुन्हा गचका. दिवा लावून पाहिला तर बॅटरीचा उजेड आता काजव्याएवढा. अजून एकदा, फार तर. डोमाजीचा पाय क्लचवर थरथरत होता आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

‘बाबा, उतरा,’ मनकर्णा म्हणाली. ‘तुमी दोराले लागा. क्लचवर पाय मी धरतो.’

डोमाजीनं तिच्याकडं पाहिलं. जन्मभर त्या जागेवरून त्याला कुणी उठवलं नव्हतं. शेठनं उठवलं ते एकदाच. तो उतरला. दोर खांद्यावर घेतला. बयनाबाईनं त्यालाही हळद लावली.

ओढली. जीप चिखलातून निघाली. डोमाजी ओरडला, ‘सोड!’ पोरीनं सोडला नाही. ‘सोड माय, सोड!’ तरी नाही. गल्ली संपत आली, गिट्टीच्या सडकेचा उतार लागला, माणसं आता ओढत नव्हती, जीपच्या पुढं पळत होती, आणि तेव्हा कुठं मनकर्णानं हळूच पाय उचलला. धड्… धड्… धडधडधड! माणसं दोर टाकून दोन्हीकडं उडाली. पोरं मागून ‘पोदाम! पोदाम!’ करत सुटली, शाळेत शिकलेलं तेलुगू ‘चला चला’.

‘बाबा, बसा! म्या थांबवत नाई!’

डोमाजी धावत धावत चढला, पोरगी सरकली, स्टेअरिंग हातोहात बदललं. आणि मग भैंशापर्यंतची वाट विचारू नका. थांबता येत नाही. थांबली की मेली. एका गावात पोळ्याची मिरवणूक सडकेवर आडवी आली, तर पठ्ठ्यानं तिथल्या वडाला चकरा मारायला सुरुवात केली. बैल जाताहेत, हा फिरतो आहे. लोकांना वाटलं, नवस फेडतोय. मनकर्णा हात जोडून एकेकाला म्हणते, ‘लवकर जा ना वो, लवकर!’

जिनाच्या गेटवर पोचले तेव्हा सूर्य शेडच्या पत्र्याला टेकला होता. शेठ बाहेर आला. जीपकडं पाहिलं, हळदीनं पिवळ्या झालेल्या ड्रायव्हरच्या खांद्याकडं पाहिलं.

‘अरे वाह, ले आया! चल, इंजन बंद कर। अंदर आ, काग़ज़ पर सही कर।’

डोमाजीचा पाय अ‍ॅक्सिलेटरवर. जीप जागच्या जागी हिसके देते आहे.

‘बंद क्यों नहीं करता?’ शेठच्या कपाळाला आठी पडली. ‘बंद करके, दोबारा चालू करके दिखा। तब मानूँगा।’

आणि डोमाजी जे बोलला ते मी त्याच्या शब्दांत सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडं न करता:

‘शेठजी, तुमचा सबूद होता गेटवर आन, आनली. आता बंद केली तं चालू करनारे बैल आज जेवाले बसले हायत, अन् मानसायचे खांदे सुजले हायत. तवा कागद घेऊन तुमीच मांगं बसा. सही चालत्या गाडीत करतो, घरी नेऊन पुरनपोळी चारतो, अन् बंद कराची का नाई ते माह्या पोरीले इचारा, काऊन का चालू तिनं केली हाय, म्या नाई.’