चेकरच्या हाती ई-रीडर

आमच्या घरात कुठलीही वस्तू मी तपासल्याशिवाय बिघडत नाही.

सुरतेत पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये मी जन्मभर कापडाचा चेकर होतो. रंगून, छापून आलेला ताका, म्हणजे कापडाचं ठाण, टेबलावरून सरकवायचा. डाग, भोक, फिका पट्टा दिसला की खडूने खूण करायची आणि माल नापास! रिटायर झालो, पण हात काही रिटायर झाले नाहीत. घरात मिक्सर आला, मी तपासला. (दुसरा आणला.) टेबलफॅन आला, तोही तपासला. (दुकानदाराने बदलून दिला आणि वर म्हणाला, "काका, पुढच्या वेळी तुम्ही लांबूनच बघा.") त्यामुळे भेस्तानच्या आमच्या घरी ई-बुक रीडर आला, तेव्हा मला खरं तर आठवडाभर शिंदखेड्याला भावाकडे पाठवून द्यायला हवं होतं.

ई-बुक रीडर म्हणजे पुस्तकं वाचायची पातळ पाटी. ती आमची नव्हती, निखिलच्या कामाची होती. निखिल आमचा एकुलता एक. पुण्यातली नोकरी गेल्यापासून तो घरी बसलेला, आणि तो बसला म्हणून मला बसवत नव्हतं! घरभर नुसत्या येरझाऱ्या. कुणी जिन्यात भेटून विचारलं, "निखिलचं काय चाललंय?" की मी दूध आणायचं राहिलं म्हणून परत फिरायचो. शेवटी नव्या यंत्रांची परीक्षणं छापणाऱ्या एका वेबसाइटने त्याला काम दिलं. बाजारात यायच्या आधीचा हा नमुना तपासायचा आणि रिपोर्ट द्यायचा: हार्डवेअर कसं, सॉफ्टवेअर कसं, ओपन सोर्सचे नियम पाळलेत का. रिपोर्ट पसंत पडला तर पक्की नोकरी. नमुना मात्र सोमवारी जसा आला तसाच परत करायचा. 'जसा आला तसाच' हे शब्द त्याने माझ्याकडे बघून उच्चारले.

"ओपन सोर्स म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"पप्पा, यातलं बरंच सॉफ्टवेअर लोकांनी लिहून फुकट वाटलेलं असतं. कंपनीने ते खुशाल वापरावं. अट एवढीच, की गिऱ्हाइकाने मागितलं तर त्याची मूळ कृती, म्हणजे सोर्स कोड, द्यायचा."

"म्हणजे शेजारणीकडून लोणच्याची कृती घेतली, तर पुढे कुणी विचारल्यावर लपवायची नाही."

"अगदी तसंच."

"मग हे देतात?"

"तेच तर कळत नाही. मी किती मेल केले! उत्तरच देत नाहीत."

शनिवारी निखिल मित्राच्या साखरपुड्याला कडोदऱ्याला गेला. रीडर टेबलावर. मी खुर्चीत. मध्ये फक्त हवा.

"हात लावू नका!" सुमन, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून ओरडली. (तिला तिथून कसं दिसतं, हे मला लग्नापासून कळलेलं नाही.)

"नुसतं बघतोय गं."

"तुमचं बघणं मला माहितीय!"

पण माझ्या मनात वाईट काही नव्हतं हो! पोराच्या नोकरीचा प्रश्न. बाप अनुभवी चेकर. त्याच्या रिपोर्टात चार ओळींची भर पडली तर बिघडलं कुठे? मी रीडर गॅलरीत नेऊन उन्हात धरला. मोबाइल उन्हात काळाठिक्कर पडतो, पण यावरची अक्षरं छापल्यासारखी स्वच्छ! पास! मग रुमालाचं टोक ओलं करून एक कोपरा घासून बघितला. रुमालाला रंग लागला नाही. पक्का रंग, पास! राहता राहिला ताण. कापड दोन्ही हातांत धरून ताणलं की वीण कळते, म्हणून मी रीडरही दोन्ही हातांत धरला आणि ताणला.

कट्ट!

"काय वाजलं?" आतून आवाज आला.

"माझं बोट!"

बोट शाबूत होतं. रीडरची पाठ मात्र माझ्या उजव्या हातात होती आणि बाकीचा रीडर डाव्या हातात. आत हिरवी पट्टी, बारीक वायरी, चपटी बॅटरी. माझी पाचावर धारण बसली. घाईघाईने पाठ परत बसवायला गेलो, तर तीन बाजू बसल्या आणि चौथी वर आली. चौथी दाबली, तर पहिली वर! शेवटी रीडर मांडीत घेऊन दोन्ही अंगठ्यांनी जीव खाऊन दाबला. त्या झटापटीत कडेचं कुठलं तरी बटण बराच वेळ दाबलं गेलं असावं. पडदा काळा झाला, पांढरा झाला, परत काळा झाला, आणि जेव्हा उजाडलं तेव्हा त्यावर सगळं चिनीत!

आता मात्र सुमन बाहेर आली. घाबरली की ती थेट अहिराणीत उतरते.

"काय व्हयनं? काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"काही नाही... जरा चिनी झालंय."

"अरे देवा! पोराची नोकरी खाल्ली यांनी!"

हे वाक्य माझ्या काळजात घुसलं, कारण मीही तेच म्हणत होतो, फक्त मनातल्या मनात. मी धावत शेजारच्या हसमुखभाईंना बोलावलं. त्यांचं साड्यांचं दुकान, आणि एम्ब्रॉयडरीची मशीन बघायला ते एकदा चीनला जाऊन आलेले.

"टेन्शन नहीं लेवानुं, भामरेभाई! हुं चाइना जई आव्यो छुं!"

(त्यांना चिनीत फक्त 'भाव कमी करा' एवढंच येतं, हे मला नंतर कळलं. रीडरला त्याचा काय उपयोग!)

हसमुखभाईंनी बोट लावलं आणि "ओके... ओके... आ पण ओके" करत दिसेल त्याला संमती देत सुटले. एकदम पडद्यावर इंग्रजी आलं. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. कारण ते इंग्रजी संपेचना! पानांमागून पानं. मोठ्या अक्षरांत लायसन्स, नो वॉरंटी, नुकसान, जबाबदारी. हसमुखभाईंचा चेहरा उतरला.

"आ तो कोर्टनो कागळ लागे छे," ते कुजबुजले. "चालो, मारे दुकान खोलवानी छे." आणि गेले. (त्यांचं दुकान सकाळपासून उघडंच होतं.)

माझं इंग्रजी पॅकिंग स्लिपवर वाढलेलं. दर ओळीत एखादा शब्द लागत होता आणि नेमका तोच भीतीदायक निघत होता. सुमन खांद्यावरून डोकावून विचारत होती, "काय लिखेल शे त्यामां? पोलीस येतील का?" घामाघूम होऊन शेवटपर्यंत आलो, तर तळाला चार ओळी दिसल्या: हे यंत्र ज्याच्याकडे असेल, त्याने या पत्त्यावर लेखी मागणी केल्यास संपूर्ण सोर्स कोड देण्यात येईल.

मला निखिलचं बोलणं आठवलं. मागितलं की द्यावंच लागतं! मूळ कृती एकदा हातात आली की चिनीचं इंग्रजी करता येईल, कदाचित झाकणही बसेल, असा माझा हिशोब. लगेच मोबाइलवर एका बोटाने, मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेल लिहिला. त्याचा मतलब असा:

'आदरणीय साहेब, तुमचा पीस मी स्वतः उघडला आहे. आत काय आहे ते सगळं मी बघितलं आहे. यात माझ्या मुलाचा काहीही दोष नाही. तुम्ही लिहून दिल्याप्रमाणे सगळा सोर्स कोड ताबडतोब पाठवावा. सोमवारच्या आत न मिळाल्यास मी पत्नीसह तुमच्या ऑफिसात येऊन बसेन. आपला, भामरे, सीनियर चेकर.' खाली फोन नंबर.

"मी कशाला येऊ?" सुमन म्हणाली.

"पाया पडायला. एकट्याचं कोण ऐकतं?"

संध्याकाळी निखिल परत आला आणि आल्या आल्या म्हणाला, "रीडर कुठाय?"

मी सुमनच्या मागे सरकलो. सुमनच बोलली, "देवापुढं ठेवलाय. तुझं पहिलं काम ना ते? उद्यापर्यंत राहू दे, हलवायचा नाही."

निखिलने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी जेवायला बसलो होतो. वरणभाताचा पहिला घास घेतला आणि माझा फोन वाजला. हात खरकटा, म्हणून स्पीकरवर टाकला. (माणसाने उपाशी राहावं, पण स्पीकर लावू नये.)

"भामरे सर? सीनियर चेकर भामरे सर?" पलीकडचा आवाज चक्क थरथरत होता!

"हां..."

"सर, पूरा सोर्स कोड भेज दिया है. लिंक मेल में है. देर हुई, माफ कीजिए. आप प्लीज ऑफिस मत आइए."

"और... मेरी मिसेस?"

"मॅडम को भी मत लाइए, सर!"

फोन बंद झाला. निखिलचा घास हातातच राहिला होता. तो उठला आणि देवघरातून रीडर घेऊन आला. पाठीला सुमनची दोन रबरबँडं, पडद्यावर परत चिनी, आणि वर हळदकुंकू.

मी सगळं सांगून टाकलं. "बेटा, तुझी नोकरी मी या दोन अंगठ्यांनी घालवली. मी लिहून देतो त्यांना, याचा बाप जबाबदार आहे म्हणून. तुला ओरडायचं तर ओरड." मला खरोखर रडू आलं होतं.

निखिल ओरडला नाही. त्याने लॅपटॉप उघडला.

"कुठे धरला होता?"

"दोन्ही टोकांना."

"जोर किती?"

"जॉर्जेटला लावतो तेवढाच रे!"

"ओला रुमाल कुठल्या कोपऱ्यावर?"

प्रश्नामागून प्रश्न. आणि सगळं लिहून घेत होता! मग त्याने पाठ काढली, आत अडकलेला माझ्या रुमालाचा धागा चिमटीने ओढला आणि ती टक्कन बसवली. "ही उघडण्यासाठीच केलीय, पप्पा. बॅटरी बदलता यावी म्हणून." भाषा त्याने बोटाच्या एका फटकाऱ्यात बदलली. मी थक्क! एवढ्यासाठी मी रात्रभर तळमळलो?

त्याने काही लपवलं नाही, झालं ते सगळं रिपोर्टात घातलं. आठ दिवसांनी वेबसाइटचं उत्तर आलं: रिपोर्ट फार आवडला, नोकरी पक्की! सुमनने शिरा केला. हसमुखभाई शिरा खायला आले आणि "में कह्युं हतुं ने, टेन्शन नहीं लेवानुं" म्हणून वाटी पुढे करून गेले. माझीही छाती फुगली. मी निखिलच्या मागेच लागलो, की मला रिपोर्ट दाखव, माझ्या अनुभवाचा काही उल्लेख केलास की नाही?

"केलाय पप्पा. राहू दे ना."

"राहू दे काय? नाव छापून आलं तर गावाकडे पाठवता येईल!"

शेवटी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागलो. उन्हात वाचनीयता: उत्तम. ओपन सोर्सचं पालन: आधी टाळाटाळ, लेखी मागणीनंतर पूर्ण कोड मिळाला. सुमन कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मग मी पुढची ओळ वाचली, आणि ती वाचून होईपर्यंत थांबायचं मला सुचलं नाही:

'गैरवापर चाचणी: पास. चाचणीसाठी वापरलेलं साधन: वडील.'