जोगचं तिकीट

"गेले वं तुझे काका. झोपेतच." काकूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. खरं सांगते, डोळ्यांत पाणी नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच… सांगायचं राहिलं. वीसेक वर्षं आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं, ते आता कायमचंच राहिलं.

मधुकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नागपुरात सक्करदऱ्याला राहायचे, शाळेत भूगोल शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव टपाल तिकिटांत. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच होते. अल्बम काढायचा तर आधी हात साबणानं धुवायचे, मग पंखा बंद करायचा, आणि तोही नागपूरच्या मे महिन्यात! घामाघूम होऊन चिमट्यानं एकेक तिकीट उचलून दाखवायचे. अल्बममध्ये फक्त कोरी तिकिटं. "शिक्का बसला का तिकीट मेलं," हा त्यांचा कायदा. तरी कोणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी विचारणार, "जुनी पाकिटं आहेत का गा?" ती शिक्क्याची तिकिटं शाळेतल्या पोरांना वाटायला लागायची. सगळ्यात लाडकं पान धबधब्यांचं. चार तिकिटं, त्यातलं जोगचं तर विचारूच नका. "एकदा जाऊन पाहाचा आहे," म्हणायचे. जाणं काही झालं नाही.

ते जोगचं तिकीट मी चोरलं. दुसरा शब्द नाही त्याला. नरखेडकडच्या एका मुलाचं पत्र आलं होतं. घरचे त्याच्यासाठी मुली पाहायला निघालेत, तुझं काय ते लवकर कळव. त्याच्या घरचा फोन बैठकीत, सगळ्यांच्या कानाशी. त्या दिवशी रविवार, पोस्ट बंद, घरात साधं तिकीट नाही. सोमवारपर्यंत थांबले असते तर माझा धीर सुटला असता, मी मला ओळखते ना! काका-काकू कुठल्याशा लग्नाला गेले होते. मी कपाट उघडलं, जोग काढला, चिमटा-बिमटा काही नाही, सरळ जिभेनं ओला करून पाकिटावर चिकटवला आणि पेटीत टाकून आले.

चार दिवसांनी जेवताना काका म्हणाले, "एक तिकीट दिसून नाही राहिलं." त्याच आठवड्यात काकूनं कपाट झाडलं होतं. "तूच कुठं झटकलं असशीन," ते तिला म्हणाले. त्यानंतर त्या कपाटाला काकूनं फडकं म्हणून लावलं नाही. आणि मी मुकाट वरणभात गिळत होते… होकार पोचला, लग्न झालं, पोरं मोठी झाली. पण माहेरपणाला गेले आणि काकांनी अल्बम काढला की मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळायची. "काहून पळून राहिली वं?" ते मागून विचारायचे.

तेरावं झालं आणि काकूनं अल्बम माझ्यापुढं ठेवला. "तुले द्याचा म्हणले होते." माझा हातच पुढं होईना. तिथंच सगळं ओकले. तिकीट मी घेतलं, बोलणी तू खाल्लीस, मला माफ कर. काकू चक्क हसली. "मले माहीत आहे. तुमच्या पहिल्या दिवाळीले तुझे काका नरखेडहून परत आले अन् दारातूनच म्हणाले, चुकलं माझं, तुझ्यावर उगाच आळ घेतला."

मी वळून नवऱ्याकडं पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"काकांनी जुनी पाकिटं मागितली," हे म्हणाले, "मी आपलं कौतुकानं तुझं पाकीट दाखवलं. लय वेळ पाहत बसले, मग हसले, अन् कात्री मागितली. तिले सांगू नका म्हणाले, उगाच लाजंल पोरगी."

"अन् तुम्ही इतकी वर्षं गप्प?"

"तू कुठं विचारलं?"

अस्सा राग आला म्हणता! म्हणजे ते "काहून पळून राहिली" काका मुद्दाम विचारायचे, लबाड कुठले! एकदा बोलले असते तर दोघं मिळून हसलो असतो, ही रुखरुख आहेच. पण छातीवरचं ओझं उतरलं ते उतरलंच, त्या रात्री मी गाढ झोपले.

धबधब्यांच्या पानावर चारही तिकिटं आहेत. तीन कोरी. चौथं जोगचं, ऐन पाण्यावर नागपूरचा काळा शिक्का, कडेचा एक दातही न दुखावता, पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवलेलं. खाली पेन्सिलीनं काकांचं अक्षर… 'शिक्क्याचं आहे. पण पोचलं.'

परवा दुपारी अल्बम काढला. आधी हात धुतले, पंखा बंद केला. घामानं पार भिजले, पण चहाच्या निमित्तानं उठले नाही.